होनोलुलूच्या थोडं खाली

दिवाळीला पाहुणे येताना चकल्या आणतात, अनारसे आणतात, फार तर पुण्याची बाकरवडी आणतात. आमच्या साडूभाऊंनी यंदा अंदमान आणलं. पेनड्राइव्हमध्ये. लक्ष्मीपूजनाच्या लाह्या-बत्तासे वाटून व्हायच्या आत त्यांनी आमच्या टीव्हीच्या पाठीमागं हात घालून कुठली तरी फट शोधली आणि पडद्यावर निळाशार समुद्र आला. समुद्राच्या पुढं साडूभाऊ. पुढच्या फोटोत साडूभाऊंच्या मागं समुद्र. त्याच्या पुढच्यात नुसते साडूभाऊ. समुद्र कुठाय म्हणून विचारलं, तर म्हणाले, "तो काय, गॉगलमध्ये दिसतोय."

फोटो हजाराच्या घरात होते. "अंदमान-निकोबार मिळून आठशेच्या वर बेटं आहेत," असं साडूभाऊ म्हणाले आणि प्रत्येक बेटाचा निदान एक फोटो असणार या भीतीनं आमचे तात्या उठून झोपायला गेले. मला उठता येईना, कारण रिमोट माझ्या हातात देऊन ‘पुढं, पुढं’ म्हणण्याचं काम साडूभाऊंनी स्वतःकडं घेतलं होतं.

"पर्यटनाच्या दृष्टीनं अंदमानचे तीन विभाग पडतात," ते म्हणाले. "उत्तर, मध्य आणि दक्षिण. प्रत्येकाचा निसर्ग वेगळा. हे उत्तरेचं सॅडल पीक. ७३२ मीटर. अंदमानातलं सगळ्यात उंच शिखर."

"चढलात?"

"खालून पाहिलं. खालूनच जास्त छान दिसतं."

मग मध्य विभागातलं बाराटांग आलं. तिथं चिखलाचे ज्वालामुखी आहेत. जमिनीतून गॅस येतो आणि चिखलाचे बुडबुडे फुटतात. ते बघायला साडूभाऊ पहाटे तीनला उठले होते. आमच्या हिनं तो बुडबुडा शांतपणे पाहिला आणि म्हणाली, "पाइपलाइन फुटली की आपल्या गल्लीतही होतंय हे. उठावं नाही लागत, दारातच असतंय."

"निकोबारला पर्यटकांना सोडत नाहीत," साडूभाऊ पुढं सरकले. "आणि उत्तर सेंटिनल बेटाच्या तर आसपासही जायला सरकारची बंदी आहे. तिथल्या माणसांना बाहेरचं कुणी आलेलं नको असतं."

"किती छान," ही स्वयंपाकघरात जाता जाता म्हणाली. तिला अजून अकरा माणसांची कणीक मळायची होती.

दक्षिण विभागात अर्थातच सेल्युलर जेल. १९११ साली सावरकरांना दोन जन्मठेपांची शिक्षा भोगायला जिथं नेऊन टाकलं, तिथं साडूभाऊ रांग लावून, तिकीट काढून आत गेले होते. कोठडीच्या गजांमागून हसतानाचा त्यांचा मोठा फोटो होता.

"इथं हसायला नको होतं," मेव्हणी म्हणाली.

"फोटो काढणारानं स्माइल म्हटलं," साडूभाऊ म्हणाले.

काळ्या पाण्याची शिक्षा म्हणजे काय, हे आम्हा पालमकरांना जेल बघून समजून घ्यावं लागत नाही. पुण्या-मुंबईकडच्या साहेबाची इकडं बदली होते आणि तो एसटीतून उतरतो, तेव्हाचा त्याचा चेहरा आम्ही पिढ्यान्‌पिढ्या पाहत आलोय. खाली उतरल्यावर त्याचा पहिला प्रश्न असतो, "इथून परत जायला शेवटची गाडी कितीला?" पहिल्या आठवड्यात तो परभणीत खोली घेतो. दुसऱ्या आठवड्यात बदलीचा अर्ज टाइप करतो. वर्षाच्या आत त्याची शिक्षा माफ होते. निरोपसमारंभात "पालमनं मला भरभरून प्रेम दिलं" असं तो म्हणतो, तेव्हा त्याची बॅग खालच्या गाडीत असते आणि गाडी चालू असते.

फोटो संपल्यावर साडूभाऊंनी शेव तोंडात टाकत विचारलं, "बाकी तुमच्याकडं पालमला बघायला काय आहे?"

हा प्रश्न मला लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीपासून विचारला जातो. पालमला रेल्वे स्टेशन नाही, ते गंगाखेडला. विमानतळ नांदेडला. जगात जर्मनी आणि भारतात परभणी असं म्हणतात, पण त्यात पालमचा उल्लेख राहून गेलाय. एरवी मी "शांतता आहे" असं म्हणून वेळ मारून नेतो. पण त्या रात्री हजार फोटो पोटात होते.

"बेट आहे," मी म्हणालो.

"काय आहे?"

"बेट. जांभूळबेट. गोदावरीच्या पात्रात. निसर्गनिर्मित."

साडूभाऊ हसले. "अहो, ते नदीतलं. मी म्हणतोय ट्रॉपिकल आयलंड. उष्णकटिबंधीय."

इथं मला मुलाचा शाळेतला नकाशासंग्रह आठवला. आतून काढून आणला. कर्कवृत्त साडेतेवीस अंशांवर, ते मध्य प्रदेशातून जातं. पालम साधारण १९ अंशांवर. म्हणजे आम्ही सगळे जण, आमच्या म्हशींसकट, पूर्ण उष्णकटिबंधात. "आणि हे बघा," मी पान उलटलं, "हवाई बेटांवरचं होनोलुलू. २१ अंशांच्या वर. म्हणजे पालम होनोलुलूपेक्षा विषुववृत्ताला जवळ आहे. आम्ही त्यांच्या थोडं खालीच."

साडूभाऊंनी चष्मा लावून खात्री केली. खरं तर मे महिन्यात आमच्या गच्चीवर अनवाणी उभं केलं असतं तर नकाशा लागलाच नसता.

"मग उद्या जाऊ तुमच्या बेटावर," ते म्हणाले. "तिथले विभाग कोणते?"

इथून पुढची रात्र अवघड गेली. कारण आम्ही ज्या अभिमानानं जांभूळबेटाचं नाव घेतो, त्या मानानं तिकडं जात नाही. मीही कॉलेजच्या वयानंतर गेलो नव्हतो. पहाटे चहाच्या टपरीवर माहिती काढायला बसलो, तर माहिती भरपूर मिळाली, गेलेला माणूस मिळेना.

"आमच्या शाळेची सहल गेलती," एक जण म्हणाला. "पन त्याच दिवशी मला ताप आला."

"आमचं रानच तिकडं हाय," दुसरा म्हणाला. "पन बेटावर कामून जावं? तिथं आपलं काय हाय?"

"म्या काई पाह्यलं न्हाई," तिसरा म्हणाला, "पन बेट म्हनाल तर महाराष्ट्रात एक नंबर."

अंतराबद्दल एकानं आठ किलोमीटर सांगितलं, दुसऱ्यानं बारा, आणि टपरीवाल्यानं "पंधरा धरून चला" म्हणून वाद मिटवला. निवडणूक आली की भाषणात त्या बेटावर झुलता पूल बांधून होतो, बोटी सुटतात, बगीचा फुलतो. मतमोजणीनंतर सगळं सामान नीट घडी घालून पुढच्या निवडणुकीपर्यंत ठेवून देतात. त्यामुळं मनानं आम्ही सगळे बेटावर पुष्कळ वेळा जाऊन आलेलो असतो.

तरी साडूभाऊंपुढं रिकाम्या हातानं जायचं नाही म्हणून मी मुलाच्या वहीतलं पान फाडून ‘जांभूळबेट : पर्यटन विभाग व निसर्गवैशिष्ट्ये’ असं एक टिपण तयार केलं. बेट काही एकरांचं. पण अंदमानला तीन विभाग असतील तर आम्हालाही तीन हवेतच. उत्तर जांभूळबेट, गाळाचा अस्पर्शित किनारा. अस्पर्शित असण्याचं कारण असं की पाय गुडघ्यापर्यंत रुततो, पण ते मी लिहिलं नाही. मध्य जांभूळबेट, जांभळीची दाट झाडी आणि मोरांचा अधिवास. दक्षिण जांभूळबेट इथं मला काही सुचेना, तेव्हा ‘सूर्यास्तासाठी प्रसिद्ध’ असं लिहिलं. सूर्यास्त कुठंही चालतो. साडूभाऊंनी अंदमानात संध्याकाळी पाचलाच सूर्य बुडतो, म्हणून दोन वेळा कौतुकानं सांगितलं होतं. घड्याळ अख्ख्या देशाचं एक आणि ती बेटं पार पूर्वेला, म्हणून तसं होतं. आमच्याकडं पाचला सूर्य बुडत नाही, लाइट बुडते.

टिपण वाचून साडूभाऊ खूश झाले. "मध्य विभागात मुक्काम करता येईल का?" म्हणाले.

पाडव्याला सकाळी निघालो. गाडी साडूभाऊंची, पुण्याची, जमिनीपासून चार बोटं वर. आमच्याकडचे रस्ते दिवाळीच्या दिवसांत फक्त वाहतुकीसाठी नसतात. एका बाजूला सोयाबीन वाळत असतं, दुसऱ्या बाजूला सोयाबीनचा मालक बसलेला असतो, आणि मधून गाडी न्यायची तर आधी दोघांशी बोलावं लागतं. लेंडी नदीच्या पुलावर पाणी नव्हतं, हे साडूभाऊंना मी मोठी सोय असल्यासारखं सांगितलं. त्यांना त्यातलं मोठेपण कळलं नाही.

पुढं मोबाइलमधल्या बाईनं एका कापसाच्या रानात आम्हाला ‘तुम्ही पोहोचला आहात’ असं सांगितलं आणि ती गप्प झाली. रानात बायका वेचणी करत होत्या. एक म्हातारी बांधावर आली.

"कुनीकडं जायलाव?"

"बेटावर."

"कुनाचं काय हाय तिकडं?"

"काही नाही. बघायला."

"काय बघायला?"

"बेट."

म्हातारीनं क्षणभर आमच्याकडं पाहिलं आणि वळून हाक मारली, "आगं ये, पुन्याहून बेट बघायला आलेत!" साऱ्या बायका ओटीत कापूस घेऊन बांधावर आल्या आणि आम्हाला बघत उभ्या राहिल्या. साडूभाऊंनी त्यांचे फोटो काढले. त्यातल्या एका पोरीनं साडूभाऊंचा काढला. तिचा फोन त्यांच्यापेक्षा चांगला होता.

काठावर पोहोचलो तर होडी होती, होडीवाला नव्हता. उद्या भाऊबीज म्हणून तो आजच बहिणीकडं गेला होता. एक मासे धरणारा गडी चप्पू घेऊन बसला होता. चप्पू म्हणजे थर्माकोलचे जाड तुकडे पोत्यात घालून दोरीनं आवळायचे, वर बसायचं आणि देवाचं नाव घ्यायचं. साडूभाऊंनी चप्पूला एक प्रदक्षिणा घातली.

"लाइफ जॅकेट आहे का?"

"जाकीट?" तो म्हणाला. "ऊन हाय की मालक. जाकीट कशाला?"

"तसं नाही. बुडलं तर?"

"म्या बुडत न्हाई. मला पवायला येतंय."

"आम्हाला नाही येत."

"मग हलू नका."

यापेक्षा संपूर्ण सुरक्षासूचना मी आजवर ऐकलेली नाही. विमानात याच गोष्टीला पाच मिनिटं लागतात. शेवटी त्यानं ट्रॅक्टरची एक फुगवलेली ट्यूब आणली, साडूभाऊंच्या कमरेत घातली आणि एकेकाला पलीकडं नेलं. अंदमानात समुद्राच्या तळाला जाऊन मासे बघून आलेला तो माणूस गोदावरीच्या मध्यावर ट्यूब धरून डोळे मिटून बसलेला मी पाहिला. फोटो काढायला हात मोकळा नव्हता, ही रुखरुख अजून आहे. माझेही डोळे मिटायच्याच बेतात होते.

बेटावर उतरलो आणि खरं सांगायचं तर मीच गप्प झालो. वरून ऊन रटरटत होतं आणि जांभळीखाली सावली अशी गडद की डोळे जुळायला वेळ लागला. दोन्ही अंगांनी नदी. कुठं तरी आत मोर ओरडला. मग दुसऱ्या बाजूनं दुसरा. मी टिपण बाहेर काढून "मध्य विभाग" असं म्हणालो, पण आवाज बारीक निघाला.

भाचीनं दोन मिनिटं वाट पाहिली. "काका, इथं ॲक्टिव्हिटी काय आहेत?"

"बसणे," मी म्हणालो.

"आणि?"

"धपाटे."

बसलो. धपाटे, दही, शेंगदाण्याची चटणी आणि ठेचा निघाला. साडूभाऊंनी ठेच्याचा पहिला घास घेतला आणि त्यांच्या डोळ्यांतून जे पाणी आलं ते सेल्युलर जेलमध्ये आलं नव्हतं, असं मेव्हणीनं नोंदवलं. मग त्यांनी फोन वर धरला, खाली धरला, झाडाला टेकवून पाहिला. रेंज नव्हती. मी ओशाळून काही बोलणार, तर तेच म्हणाले, "वा! अंदमानच्या रिसॉर्टवाल्यानं नेटवर्क नसल्याचे वेगळे पैसे लावले होते. डिटॉक्स म्हणून." आमच्याकडं ही सोय तालुकाभर, फुकट आणि न मागता मिळते, हे मी त्यांना सांगितलं.

जेवण झाल्यावर ते पाण्यात पाय सोडून बसले आणि म्हणाले, "पण समुद्राची मजा नाही." या वाक्याची मी रात्रीपासून वाट पाहत होतो.

"साडूभाऊ, हे पाणी पुढं कुठं जातं?"

"कुठं?"

"नांदेडच्या विष्णुपुरीत. तिथून बाभळीच्या बंधाऱ्यावर. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१३च्या निकालानं बाभळीची दारं १ जुलैपासून २८ ऑक्टोबरपर्यंत उघडी ठेवावी लागतात. तेवढ्यात निसटलं तर तेलंगणात. तिथून राजमहेंद्रीजवळच्या धवलेश्वरला, आणि मग बंगालच्या उपसागरात. अंदमान कुठल्या समुद्रात आहे?"

साडूभाऊंनी पाय पाण्यातून बाहेर काढले.

"म्हणजे तुम्ही तिकडं पैसे भरून ज्या पाण्यात डुबकी मारली," मी म्हणालो, "त्यातलं थोडं आमचंच होतं. आमच्या म्हशी आधी बसून गेल्यात त्यात."

चप्पूवाला मात्र या जलप्रवासावर खूश नव्हता. डिग्रस बंधाऱ्यातलं पाणी उन्हाळ्यात नांदेडला सोडतात, त्याचा राग इकडच्या माणसाच्या मनातून जात नाही. "पानी तर नेतेतच," तो म्हणाला, "आता दर पुरात बेटाची कड खचायली. माती वाहून चाललीय. हळूहळू बेटबी नांदेडलाच जाईल बघा." साडूभाऊंनी काळजीनं विचारलं, की किती वर्षांत? जणू काही त्यांना मध्य विभागात प्लॉट घ्यायचा होता. मग ते जांभळीखाली आडवे झाले आणि असे घोरले की मोर ओरडायचे थांबले.

उठले ते एकदम मोठ्या योजना घेऊन. पुढच्या वर्षी मॉरिशस, म्हणाले. तिकडं मराठी माणसं कधीच पोहोचलीत. १९व्या शतकात कोकणातून, साताऱ्याकडून उसाच्या मळ्यांत मजूर म्हणून गेली, तिथलीच झाली. गणेश चतुर्थीला तिकडं सरकारी सुट्टी असते. चप्पूवाल्यानं हे सगळं लक्ष देऊन ऐकलं. "आमच्या गल्लीतले समदे दिवाळी झाली की ऊस तोडायलाच जातेत," तो म्हणाला. "पन ते कारखान्याच्या टॅक्टरात बसून. इमान न्हाई पाठवत कुनी."

परत काठावर आलो तेव्हा वरच्या अंगाला आभाळ काळं झालं होतं. फळा गाव मागं टाकेपर्यंत टपोरे थेंब सुरू झाले आणि लेंडीच्या पुलाशी आलो तर पूल नव्हता. म्हणजे होता, खाली. वरून गढूळ पाणी सुसाट चाललं होतं. दोन्ही बाजूंना मोटारसायकली, एक टेम्पो, एक नवरदेव वाटावा इतका नटलेला, भाऊबीजेला निघालेला पोरगा आणि शेळ्या. कुणाच्याच चेहऱ्यावर घाई नव्हती. दरवर्षी पावसाळ्यात पेपरात ‘लेंडीला पूर, गावांचा संपर्क तुटला’ अशी बातमी येते. मथळा तोच, फक्त तारीख बदलतात.

"आता?" साडूभाऊंनी विचारलं.

"बसा की," एक जण म्हणाला. "उतरतंय पानी. आज न्हाईतर उद्या."

मला वाटलं आता हे चिडणार. मी गाडीत धपाटे किती उरलेत ते मोजायला लागलो. पण साडूभाऊंचा चेहरा उजळला होता. ते पाण्याकडं पाहत हळूच म्हणाले, "म्हणजे आपण खरोखरच अडकलोय? जगापासून पूर्ण तुटलोय?" अंदमानात इतके पैसे भरून त्यांना हा अनुभव मिळाला नव्हता, रोज संध्याकाळी बोट वेळेवर परत आणत होती. मेव्हणीनं शेळीचं पिल्लू मांडीवर घेतलं. भाची आरखेडच्या दोन पोरींशी सागरगोटे खेळायला लागली. कुणी तरी मुरमुऱ्यांचा चिवडा काढला. भाऊबीजेच्या पोरानं बहिणीसाठी नेलेले लाडू आधी दाखवले, मग थोडे वाटले, मग उरलेले पाहून डबा आमच्यापुढंच ठेवला. रात्री उशिरा पाणी उतरलं, तेव्हा निघायला सगळ्यात नाखूश साडूभाऊ होते.

पुण्याला पोहोचल्यावर त्यांनी स्टेटसला फोटो टाकला. कमरेत ट्यूब, मागं झाडी, वर काळं आभाळ. खाली लिहिलं होतं, ‘दुर्गम उष्णकटिबंधीय बेट. गर्दी होऊ नये म्हणून नाव सांगत नाही.’ नाव सांगितलं नाही, पण विचारणाऱ्या प्रत्येकाला माझा नंबर दिला. तेव्हापासून मला अनोळखी फोन येतात. पॅकेज कितीचं आहे, नाश्ता धरून का, जैन जेवण मिळेल का, फेरी किती वाजता सुटते. फेरीचा माणूस बहिणीकडून परत आला की कळवतो, असं मी सांगतो.

परवा एका बाईंचा आला. आवाजावरून कोथरूडच्या वाटल्या. त्यांना जुलैमध्ये यायचं होतं.

"आम्हाला पाण्याच्या बाजूची खोली मिळेल ना?"

"मिळेल की," मी म्हणालो. "जुलैत आमच्या सगळ्याच खोल्या पाण्याच्या बाजूच्या असतात."